लीश लावली की पिल्लू फतकल मारून बसतं, काय करू?

गोधडी

नमस्कार मंडळी. जरा मदत हवी आहे. आमच्या घरात रोज सकाळी यावरून वादावादी होते आणि मधल्या मध्ये पिल्लाचे हाल होतात.

आमची चिंगी मिश्र जातीची कुत्री, नुकतीच चार महिन्यांची झाली. दोन महिन्यांची असताना निवारा केंद्रातून आणली. लसीकरण पूर्ण झालं, डॉक्टरांनी 'आता बाहेर न्या' असं सांगितलं, तोवर सगळं छान चाललं होतं. घरात ती सदान्कदा माझ्या पायात. मी स्वयंपाकघरात गेले की ती तिथे, गच्चीत कपडे वाळत घालायला गेले की तिथेही हजर. हाक मारली की कान मागे टाकून धावत येते. मला वाटलं होतं, हिला फिरवणं म्हणजे अगदीच सोपं काम.

पण लीश, म्हणजे फिरवायची दोरी, अडकवली की संपलं. आता तर नुसती कडी वाजली तरी पलंगाखाली जाते. तिथून काढून कशीबशी फाटकापर्यंत नेली की चारही पाय पसरून फरशीला चिकटते. शेपूट पोटाखाली, मान आखडलेली, नजर भलतीकडेच. ज्या खाऊसाठी घरात जीव टाकते तो नाकापाशी धरला तरी तोंड फिरवते. उचलून कोपऱ्यापर्यंत नेऊन खाली ठेवलं तर आणखी वेगळा प्रकार. घराकडे तोंड करते आणि अशी सुटते की मीच तिच्यामागे ओढली जाते. मधेच लीश तोंडात धरून झटके देत चावत बसते.

सासऱ्यांचं म्हणणं, 'दोन दिवस ओढत न्या, आपोआप चालेल. लाडावून ठेवलंय तिला.' नवऱ्याला तिची ती अवस्था बघवत नाही, तो सरळ कडेवर घेऊन फिरवून आणतो. मला दोन्ही पटत नाही. मोठी झाल्यावर ती वीसेक किलोची होईल असा डॉक्टरांचा अंदाज आहे, तेव्हा कडेवरचं फिरणं काही फार काळ चालणार नाही. आणि ओढलं की ती घशातून जो आवाज काढते, तो ऐकून माझाच हात सैल पडतो.

गळ्यात पट्टा लावावा की हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचे पट्टे? खाऊच घेत नाही तर शिकवायचं कशाच्या जोरावर? ज्यांनी पिल्लं वाढवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओलीमाती

गोधडी, हे खूप पिल्लांचं होतं. आमचा टिपूसुद्धा सुरुवातीला दारातून पाय बाहेर टाकायचा नाही, आता लीश हातात घेतली की नाचतो. सध्या तुम्ही काय वापरताय ते सांगाल का? आणि बाहेर कोणत्या वेळी नेता? फाटकाबाहेर लगेच रस्ता आहे का?

गोधडी

गळ्यात अरुंद पट्टा आहे आणि त्याला स्टीलची साखळी. लीश चावून तोडते म्हणून साखळी घेतली. सकाळी आठच्या सुमारास नेतो, सगळ्यांचं आवरून झाल्यावर. फाटक उघडलं की समोरच रस्ता, आणि त्या वेळी गाड्यांची बरीच वर्दळ असते.

पिंपळपार

आमच्या घरी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून लिहितो. तुमच्या सासऱ्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. लहानपणी आम्ही पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधायचो आणि चालायला लागायचो. पहिले काही दिवस ते बसायचं, रडायचं, मग त्याला कळायचं की माणूस थांबत नाही, आणि यायचं मागे. आपण थांबलो, चुचकारलं, की त्याला वाटतं बसल्यावर आपलं चालतं. कुत्र्याला घरात एक ठाम माणूस लागतो. प्रेम जरूर करा, पण फिरायच्या वेळी ढिलाई नको.

उंबरठा

गोधडी, तुमची पोस्ट वाचली आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. मोठं होईल, पण थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाही.

मी निराधार पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळते. आईपासून लवकर तुटलेली, गटाराशेजारी सापडलेली, माणसाचा हात पाहून कोपऱ्यात शिरणारी, सगळ्या तऱ्हेची पिल्लं माझ्याकडे येऊन गेली. त्यांना दत्तक देण्याआधी एक गोष्ट मी शिकवतेच, ती म्हणजे लीशवर न घाबरता चालणं. ज्या पिल्लाला बाहेर नेता येत नाही ते हळूहळू घरातच अडकतं, मग भुंकतं, मग वस्तू कुरतडतं, आणि शेवटी 'आम्हाला जमत नाही' म्हणून परत येतं. म्हणून या बाबतीत मी फार आग्रही आहे.

आधी पिंपळपार यांच्याबद्दल. तुमच्या अनुभवाचा आदर आहे. दोरी बांधून ओढलेली पिल्लं शेवटी मागे यायची हे खरंच आहे. पण ती का यायची ते बघा. ओढणं थांबत नाही म्हणून ती यायची, बाहेर जायला आवडायला लागलं म्हणून नव्हे. जी पिल्लं मुळात धीट असतात ती त्यातूनही निभावतात. चिंगी धीट नाही. शेपूट पोटाखाली, मान आखडलेली, आवडता खाऊ नाकारणं, ही हट्टाची लक्षणं नव्हेत. हट्टी पिल्लू खाऊ घेतं आणि मग बसतं. ज्याला घास गिळवत नाही ते भेदरलेलं असतं.

ओढण्यात एक सरळसरळ धोकाही आहे. घाबरलेलं पिल्लू पुढे ओढलं की मागे जोर लावतं, मान खाली घालतं, आणि पट्टा कानांवरून सर्रकन निघून येतो. समोर रस्ता आणि वर्दळ असताना हे व्हायला एक क्षण पुरतो. तुमच्या फाटकाचं वर्णन वाचून मला सर्वांत आधी हीच भीती वाटली. त्यामुळे बाकी काही करा न करा, गळ्यातल्या पट्ट्याला लीश लावून तिला त्या रस्त्यावर नेणं आजपासून बंद करा. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला मात्र कायम राहू द्या, घरातही.

आता ती बसते का, ते. प्राण्याला एका बाजूला ओढलं की तो उलट बाजूला जोर लावतो. यात शिकवल्या न शिकवल्याचा प्रश्न नाही, शरीरच तसं वागतं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत एक कुत्रा होता, त्याला प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी बांधलं की तो सतत धडपडायचा. बाकी सगळे कुत्रे शांत उभे राहायचे, हा राहायचा नाही. पावलॉव्ह यांनी त्या धडपडीला स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं. त्याला काबूत आणायला त्यांनी पट्टे आवळले नाहीत. त्याचं जेवण त्या चौकटीतच द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा तो नीट खाईना, वाळला, मग हळूहळू तिथेच पूर्ण जेवायला लागला आणि धडपड कमी झाली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. उपाशी ठेवण्याचा भाग आपल्याला अजिबात नको, तो निर्दयपणा झाला. पण बांधलं जाणं आणि पोटभर मिळणं यांची सांगड घातली की शरीराचा विरोध मावळतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

लीश म्हणजे गाडीतला सीटबेल्ट, स्टिअरिंग नव्हे. काही आक्रीत घडलं तर पिल्लू हातातून सुटू नये एवढ्यासाठीच ती आहे. कुठे जायचं हे लीशने सांगायचं नसतं, ते तुमच्या पावलांनी आणि आवाजाने सांगायचं. आणि चिंगीला ते येतं! गच्चीत कपडे वाळत घालायला गेलात तरी मागे येते म्हणता. म्हणजे शिकवायचं अर्धं आधीच झालेलं आहे. उरलंय ते इतकंच, की अंगावर पट्टे असतानाही हेच चालू राहिलं पाहिजे.

सामानाचं सांगते. साखळी आजच काढून ठेवा. चावू नये म्हणून घेतलीत हे समजलं, पण साखळीचं वजन सगळं मानेवर येतं आणि चालताना ती खुळखुळते, आपटते. माझ्याकडे एक काळी पिल्ली होती, काजळी नावाची. तीही अशीच बसायची. एके दिवशी मी तिच्याशेजारी जमिनीवर पालथी पडून नुसतं पाहत राहिले. ती एक पाऊल टाके आणि लीशची जाड पितळी कडी झोका घेऊन बरोबर तिच्या पुढच्या पायाच्या हाडावर लागे. टक्‌. लगेच पाय वर, जिभेने ओठ चाटायचे, आणि खाली बसायचं. परत उठली, परत टक्‌. दोन किलोच्या जिवाला ती कडी म्हणजे चालताना नडगीवर कोणीतरी काठी मारावी तसं होतं. कडी बदलून बोटाच्या पेराएवढी हलकी लावली आणि तिचं निम्मं बसणं तिथेच संपलं. तुम्हीही चिंगीच्या उंचीवरून एकदा पाहा, साखळी कुठे लागते ते.

माझं मत हार्नेसच्या बाजूने आहे. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवा पट्टा जाणारा नको, तो पुढच्या पायांच्या आड येऊ शकतो. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, त्याहून सैल नको. काखेत घासत नाही ना ते पाहा, तिथली कातडी फार नाजूक असते. गळ्यावर ताण का नको, तर श्वासनलिका तिथेच आहे, आणि पट्ट्यावर ओढ बसली की डोळ्यांतला दाबसुद्धा वाढतो, हार्नेसवर तसा वाढत नाही. २००६ साली कुत्र्यांवर तसं मोजून पाहिलेलं आहे. लीश साधी, हलकी, कापडी, दीड ते दोन मीटरची. बटण दाबलं की गुंडाळली जाणारी दोरी शिकाऊ पिल्लाला नको. त्या दोरीला सतत बारीक ताण असतो, आणि ताण असतानाच पुढे जायचं हेच पिल्लू त्यातून शिकतं.

आता शिकवणं. पुढचे काही दिवस फाटक विसरा. फक्त घरात.

हार्नेस आधी जमिनीवर ठेवा, त्याच्या आसपास खाऊचे दाणे टाका. हुंगू दे. मग हार्नेसचा गळ्याचा भाग हातात धरून पलीकडून खाऊ दाखवा, तिने आपणहून मान आत घालावी. तिच्या डोक्यावरून तुम्ही खाली चढवू नका. वरून येणारा हात बहुतेक पिल्लांना नकोसा वाटतो. बकलचा आवाज वेगळा शिकवा: बकल हातातच 'टिक्‌' वाजवा आणि लगेच खाऊ, परत 'टिक्‌' आणि खाऊ. पलंगाखाली पळणं कडीच्या अशाच आवाजामुळे आहे, पट्टा दिसल्यामुळे नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका. आवाज झाल्यावर ती तुमच्या हाताकडे बघायला लागली की समजा जमलं. मग जेवणाच्या वाटीपाशी हार्नेस चढवायचा, जेवू द्यायचं, काढायचा. थोडं खेळू द्यायचं, काढायचा. बाहेर जाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही असं तिला वाटलं पाहिजे.

त्यानंतर हार्नेसला हलकी सुतळीसारखी दोरी, टोकाला गाठ किंवा फास नसलेली, म्हणजे खुर्चीच्या पायात अडकणार नाही. ती मागे ओढत घरभर हिंडू दे. तुमची नजर मात्र तिच्यावरच हवी, दोरी बांधून पिल्लाला एकटं कधीही सोडायचं नाही.

दोरीचं तिला काही वाटेनासं झालं की टोक उचला आणि नेहमीसारखं घरात चाला. ती येतेच आहे मागे. तुमच्या गुडघ्याशेजारी, ज्या बाजूला ती पुढे चालायला हवी आहे त्याच बाजूला, आपल्या कपड्याच्या शिवणीला हात लावून खाऊ द्या. समोर हात करून दिलात तर ती समोर येऊन अडखळत चालायला शिकेल. खाऊ मटाराच्या दाण्याएवढा, मऊ, पटकन गिळता येणारा. दोरीला कायम झोळ हवा. झोळ गेला की तुम्ही थांबा. ओढू नका, बोलू नका, नुसतं थांबा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा धडा, जो बहुतेक लोक शिकवतच नाहीत. दोरी दोन बोटांत धरा, अगदी शिवणाचा दोरा धरल्यासारखी, आणि एका बाजूला इतकासा ताण द्या की पट्टा जेमतेम हलावा. मग थांबा. ताण वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. पिल्लू आधी ताठ होईल. मग इकडेतिकडे बघेल. कधीतरी त्याच्या अंगाचा भार त्या बाजूच्या पायावर जाईल, पाऊलसुद्धा उचलायला नको, नुसता भार. त्याच क्षणी दोरी सैल आणि खाऊ. थोड्याच वेळात पिल्लाच्या डोक्यात प्रकाश पडतो: ताण आला की त्या दिशेला सरकलं की तो जातो. हे माहीत असलेलं पिल्लू पुढे कधी दोरीचं टोक लागलं तरी घाबरत नाही. ताण कसा घालवायचा हे त्याच्या स्वतःच्या हातात आलेलं असतं. पावसात, गर्दीत, दवाखान्यात, हा एकच धडा कामी येतो. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल, हा घाईत करू नका.

मग बाहेर. पण चालायला नाही. सकाळी आठची वेळ बदला. पहाटे किंवा रात्री रस्ता शांत असेल तेव्हा हार्नेस-लीशसह फाटकाच्या आत, फाटकापासून लांब, नुसत्या बसा. तुम्हीही खाली बसा. जिथे ती खाऊ घेते तेवढ्याच अंतरावर थांबायचं. खाऊ नाकारला म्हणजे फार जवळ आलो, मागे फिरा. खाऊ घेत नाही तर शिकवायचं कसं असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हे अंतर आहे. अंतर बरोबर असेल तर ती घेईल.

तिची घराकडे धावायची जी सवय तुम्हाला त्रासाची वाटते आहे, ती खरं म्हणजे सोय आहे. या वयातल्या पिल्लांना घरापासून दूर जाणं नको वाटतं आणि घराकडे येणं हवं वाटतं. मग तेच वापरा. नवऱ्याला सांगा, त्यांचं कडेवर घेणं चालू ठेवा, पण अर्ध्याच वाटेचं. कडेवर घेऊन शांत कोपऱ्यापर्यंत न्या, तिथे खाली ठेवा आणि घराकडे चालत या. ती सुटली की लीशचा झोळ जातो, तुम्ही थांबता. ती वळून बघते, झोळ येतो, तुम्ही चालता. घर हेच बक्षीस. असं करत कोपरा हळूहळू लांब न्यायचा. एक दिवस ती कोपऱ्याकडे जाताना कडेवरून उतरायला धडपडेल.

वाटेत बसली तर? समोर उभं राहून, डोळ्यांत बघून 'चल चल चल' करू नका. त्याने ती आणखी रुतते. तिच्या बाजूला, तिरकं तोंड करून उभ्या राहा, दोरी सैल. तिला आवाज ऐकू देत, वास घेऊ देत. बहुतेक पिल्लं थोड्या वेळाने अंग झटकतात, भिजल्यावर झटकतात तसं. ते झालं की समजा भीती उतरली. तेव्हा हलकेच पाऊल टाका, आल्या मार्गाने परत गेलात तरी हरकत नाही. आणि हुंगायला लागली की मनसोक्त हुंगू द्या. तिचं फिरणं नाकाने होतं, अंतराने नव्हे. फाटकासमोरच्या एका खांबापाशी पूर्ण वेळ गेला तरी ते फिरणंच झालं.

किती काळ लागेल हे मी सांगणार नाही. काही पिल्लं आठवड्यात चालतात, काजळीला फार वेळ लागला. तुमच्या सासऱ्यांना एकच काम द्या: घरातलं दोन बोटांच्या ताणाचं त्यांनाच करू द्या. ठाम आणि संयमी हात त्या धड्याला हवाच असतो, आणि पिल्लू पहिल्यांदा आपणहून सरकतं ते त्यांनी स्वतः पाहिलं तर घरातला वाद तिथेच मिटेल.

पिंपळपार

उंबरठा, पट्टा कानांवरून निघण्याचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. आमच्याकडे मोकळी शेतं होती, सुटलं तरी पिल्लू कुठे जाणार नव्हतं. गाड्यांच्या रस्त्यावर ते चालणार नाही, हे मान्य. दोन बोटांच्या ताणाचं मीही आमच्या आत्ताच्या कुत्र्यावर करून बघणार आहे, तो सहा वर्षांचा आहे आणि अजून ओढतो.

उंबरठा

जरूर करा. मोठ्या कुत्र्यालाही येतं, फक्त जुनी सवय मोडायला चिकाटी जास्त लागते. ओढल्यावर पुढे जाता येतं हा हिशोब त्याच्या डोक्यात इतकी वर्षं पक्का झालाय. घरातल्या सगळ्यांनी ओढ लागल्यावर थांबायचं ठरवा. एकाने जरी त्याला ओढत पुढे जाऊ दिलं तरी तो ओढणं सोडणार नाही.

रानवाट

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी दोन गोष्टींची भर घालते.

एक, आधी छान चालणारं पिल्लू अचानक चालेनासं झालं तर ती शिकवण्याची बाब समजू नका, आधी पाय बघा. तळव्याला काटा, तुटलेलं नख, तापलेल्या रस्त्याने भाजलेले तळवे. रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद ठेववत नसेल तर पिल्लाला त्यावर चालवायचं नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांना पाच महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत हाडांच्या दुखण्याचा एक प्रकार होतो, त्यात आज एक पाय लंगडतो, काही दिवसांनी दुसराच. आमच्या जर्मन शेफर्डला झालं होतं आणि आम्हाला बरेच दिवस वाटलं की तो कंटाळा करतोय. डॉक्टरांनी हाड दाबून पाहिलं तेव्हा तो कळवळला. चिंगीचं सुरुवातीपासून असंच आहे, त्यामुळे तिचं तसं नसावं, पण पुढे लक्षात ठेवा.

दोन, सहा-आठ महिन्यांची झाली की शिकलेलं सगळं विसरल्यासारखं करेल. घाबरू नका. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंधांना वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास आला होता. पाच महिन्यांच्या वयात नीट बसणारी पिल्लं आठव्या महिन्यात आपल्याच माणसाने 'बस' म्हटलं की ऐकेनात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. वय सरलं की ती पुन्हा ताळ्यावर आली. आपल्या लाडक्याने आपल्यालाच टांग मारावी याचं तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गोधडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काही आठवडे काहीच लिहिलं नाही, कारण करून बघत होते.

साखळी काढली. उंबरठा, तुम्ही सांगितलंत तसं मी फरशीवर झोपून पाहिलं. साखळीची कडी तिच्या हनुवटीखाली लागत होती, तिथले केस विरळ झालेले दिसले. इतके दिवस रोज तिला कुशीत घेत होते, पण तिथे लक्षच गेलं नव्हतं. नवा हार्नेस घेतला. बकलच्या आवाजाचं आधी केलं, आता 'टिक्‌' झालं की पलंगाखालून बाहेर येते.

सासऱ्यांनी दोन बोटांच्या ताणाचं स्वतःहून अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी तिने भार टाकला तेव्हा त्यांनी मला हाक मारून बोलावलं, 'बघ बघ, सरकली!' आता जेवणानंतर ते दोघे दिवाणखान्यात फेऱ्या मारतात. दुसऱ्या कोणी दोरी धरलेली त्यांना चालत नाही.

फाटकाच्या आत बसून खाऊ घेते. रात्री रस्ता शांत असला की कोपऱ्यावरून घरापर्यंत बरीचशी सैल लीशवर येते. कोपऱ्याकडे स्वतःहून मात्र अजून जात नाही, दाराबाहेर चार पावलं टाकून बसते. मी तिरकी उभी राहते. कधी अंग झटकते, कधी नाही झटकत, मग उचलते.

दोन प्रश्न उरले. लीश चावणं अजून आहे, विशेषतः परतीच्या वाटेवर. आणि समोरून दुसरं कुत्रं आलं की काय करायचं? परवा एक मोठं, प्रेमळ कुत्रं आलं, त्याचे मालक 'काही करत नाही हो' म्हणत जवळच घेऊन आले. चिंगी माझ्या पायांमागे शिरली आणि लीश माझ्याच पायांना गुंडाळली गेली.

उंबरठा

गोधडी, वाचून फार आनंद झाला! चार पावलं टाकून बसते म्हणता, पण महिन्यापूर्वी ती फरशीला चिकटत होती.

चावण्याचं आधी. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या सळसळतात, तोंडात काहीतरी हवंच असतं. परतीच्या वाटेवर चावते म्हणजे दमलेली किंवा चढून गेलेली असते, तेव्हा आधी फेरी छोटी करून बघा. निघतानाच एखादं मऊ खेळणं तिच्या तोंडात द्या, बरीच पिल्लं ते धरून ऐटीत चालतात. तरी लीश धरलीच तर झटका देऊन सोडवू नका, तिला तो रस्सीखेचीचा खेळ वाटतो. हात पूर्ण सैल सोडा, थांबा, गवतावर किंवा जमिनीवर खाऊचे दाणे विखरून टाका. नाक खाली गेलं की तोंड सुटतं.

दुसऱ्या कुत्र्याचं: 'काही करत नाही' हे त्यांच्या कुत्र्याबद्दल खरं असेलही, पण चिंगीला काय वाटतं हा वेगळा प्रश्न आहे. तुम्ही मोठ्याने आणि हसून सांगा, 'शिकतेय अजून, लांबूनच बरं', आणि रस्ता ओलांडा किंवा वळून मागे फिरा. लोकांना वाईट वाटेल याची चिंता करू नका, तिच्या बाजूने बोलणारं तिथे तुमच्याशिवाय कोणी नाही. लीशवर बांधलेली असताना तिला पळून जाता येत नाही, म्हणून मोकळ्यावर जी भेट चालली असती ती लीशवर अंगावर आल्यासारखी होते. सुरुवातीला लीशवर कोणालाच भेटवू नका. लांबून कुत्रं दिसलं की खाऊ, ते निघून गेलं की खाऊ बंद, एवढंच. ओळख करून द्यायचीच असेल तर एखाद्या शांत, वयस्क कुत्र्याबरोबर दोन्ही माणसांनी एकाच दिशेला, मधे भरपूर अंतर ठेवून चालायचं. तोंडासमोर तोंड नको.

आणि बाहेर जाणं अजून नको वाटतंय तर ते रोज करायलाच हवं असं नाही. एखाद्या दिवशी ती फार घाबरली असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या, घरातच सासऱ्यांबरोबर फेऱ्या होऊ देत. घाबरण्याने अंगात चढलेला ताण उतरायला वेळ लागतो.

हार्नेसचे पट्टे मात्र याच आठवड्यात पुन्हा तपासा. या वयात पिल्लू बघता बघता वाढतं, आणि काखेत घासायला लागलं तर ती हार्नेसलाही पुन्हा घाबरेल.